पहाटे चार ते पहाटे चार
लहान मुलांच्या आयांसाठीच्या दिनवहीची प्रस्तावना

केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीतला दिवस मध्यरात्री उजाडत नाही, पहाटे चारला उजाडतो. पाहणी करणारा घरी येतो आणि काल पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत तुम्ही काय काय केलंत, ते अर्ध्या-अर्ध्या तासाच्या अठ्ठेचाळीस रकान्यांत उतरवून घेतो. चारला सुरुवात करण्यामागचा विचार उघड आहे. त्या वेळी बहुतेक माणसं झोपेत असतात, त्यामुळे दिवसाचा सांधा तिथे जोडला की कुठलं काम मधोमध तुटत नाही. पण पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या आसपास ऊसतोडणीची टोळी उतरली असेल, तर टोळीतल्या बाईचा दिवस चारच्या आधीच सुरू झालेला असतो. आणि अंगावर पिणारं पोर असलेल्या बाईचा आदला दिवस तर संपलेलाच नसतो.

तरीही या दिनवहीतली नोंद चारलाच सुरू होते. देशाच्या आकड्यांशेजारी इथले आकडे मांडून पाहता यायला हवेत, एवढंच त्याचं कारण. वही खोडद आणि जुन्नर-आंबेगावातल्या गावांमध्ये सहा वर्षांखालचं मूल असलेल्या घरांत भरून घेण्यासाठी आहे. भरून घेणाऱ्या मुली-बायांनी काय विचारायचं हे पुढच्या पानांवर आहे. ते का विचारायचं, एवढं इथे सांगतो.

देशाचे आकडे आधी पाहू. अख्ख्या देशाची पहिली वेळ-वापर पाहणी जानेवारी ते डिसेंबर २०१९ मध्ये झाली. १,३८,७९९ घरं आणि त्यांतली सहा वर्षांची आणि त्यावरची सगळी माणसं तिच्यात होती. घरच्यांसाठी बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्या कामात जात होती, आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची ९७. दुसरी पाहणी २०२४ मध्ये झाली. तिच्यात हेच आकडे २८९ आणि ८८ आले. बाईचं घरकाम दहा मिनिटांनी कमी झालं, अशी बातमी यावरून सहज करता येते. पण त्याच काळात बाप्याचंही घरकाम नऊ मिनिटांनी घटलं. फरक २०२ मिनिटांचा होता, तो २०१ झाला. नमुना पाहणीत एका मिनिटाला काही अर्थ नसतो. पाच वर्षांत फरक जागचा हलला नाही, याला मात्र अर्थ आहे.

या आकड्यांत एक खाच आहे, ती वही हातात घेणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक असावी. २९९ मिनिटं ही सगळ्या स्त्रियांची सरासरी नाही. ज्यांनी त्या दिवशी ते काम केलं त्यांचीच ती आहे. घरकामात हा भेद फारसा बोचत नाही, कारण २०१९ मध्ये शंभरातल्या ८१ स्त्रिया त्यात होत्या. मुलांच्या आणि आजारी-म्हाताऱ्यांच्या संगोपनात मात्र तो बोचतो. तिथे फक्त २७.६ टक्के स्त्रियांची नोंद आहे आणि त्यांची सरासरी १३४ मिनिटं आहे. हीच मिनिटं सगळ्या स्त्रियांवर पसरवली तर जेमतेम ३७ मिनिटं उरतात. म्हणजे एकाच पाहणीवरून एकजण म्हणू शकतो की बायका मुलांना सव्वादोन तास देतात, आणि दुसरा म्हणू शकतो की पाऊण तासही देत नाहीत. दोघांच्याही हातात सरकारी अहवाल असतो. शिवाय या सरासरीत सहा वर्षांची मुलगी आहे, सत्तरीची आजी आहे आणि जिची मुलं नोकरीला लागून पुण्याला गेली ती बाईही आहे. दीड वर्षाचं पोर कडेवर असलेली आई त्या गर्दीत सापडत नाही. तिला वेगळं शोधावं लागतं.

आणि ती सापडली, तिचे तास मोजले, तरी ताण मोजला असं होत नाही.

सकाळी साडेसहा ते सातचा एक रकाना घ्या. तव्यावर भाकरी आहे. नळाला पाणी आलेलं आहे आणि ते किती वेळ राहील याचा भरवसा नाही. धार काढून झालेली आहे, पण दूध डेअरीवर गेलेलं नाही आणि संकलनाची वेळ टळत चालली आहे. थोरलीची वेणी अर्धी घातलेली आहे, ती कंगवा हातात घेऊन उभी आहे. धाकट्याने चड्डी ओली केली आहे आणि तो चुलीकडे सरकतो आहे. बाई भाकरी उलटते, पोराला उचलते, कळशी बाजूला करून हंडा लावते, परत येते तोवर भाकरी एका बाजूने करपलेली असते. पाहणीचा नियम असा, की अर्ध्या तासात जास्तीत जास्त तीन कामं लिहायची आणि दहा मिनिटांहून कमी चाललेलं काम सोडून द्यायचं. मग रकान्यात उतरतो तो स्वयंपाक. फार तर पोराला सांभाळणं बरोबरीने चाललं होतं अशी जोडनोंद होते. पाणी, वेणी, दूध आणि ओली चड्डी ही प्रत्येकी दोन-चार मिनिटांची, म्हणून गळतात. बाईची जी तारांबळ झाली ती नेमकी त्या गळालेल्या मिनिटांत झालेली असते.

रात्रीचंही तेच. पोर रात्रीतून चार वेळा उठलं, दर वेळी सात-आठ मिनिटं पाजलं, थोपटलं, झोपवलं. दहा मिनिटांच्या नियमात यातलं काहीच बसत नाही. कागदावर बाई सलग सात तास झोपलेली दिसते. जिचं लेकरू सहा महिन्यांचं आहे तिची झोप आणि जिचं लेकरू सहावीत आहे तिची झोप सारखीच भरते. हा पाहणी करणाऱ्यांचा कामचुकारपणा म्हणता येणार नाही. साडेचार लाख माणसांचा दिवस लिहायचा तर कुठेतरी रेघ मारावी लागते. पण ती रेघ लहान मुलांच्या आयांच्या दिवसाला जिथे तडे गेलेले असतात नेमकी तिथूनच जाते. म्हणून या वहीत रकाना अर्ध्या तासाचाच ठेवला असला, तरी त्याच्याशेजारी एक अरुंद पट्टी आहे. त्या अर्ध्या तासात हातातलं काम टाकून उठावं लागलं तितक्या उभ्या रेघा तिथे मारायच्या. काम कोणतं होतं हे लिहिण्याची गरज नाही. फक्त रेघा.

बाईच्या दिवसाची नोंद ठेवायची कल्पना काही काल-परवाची नाही. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हॅं यांनी गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या लाखाच्या वर भरल्या. त्यांच्याकडे लोकसाहित्य म्हणून पाहिलं जातं आणि ते योग्यच आहे. पण त्या अंधारात उठून दळताना गायलेल्या आहेत, हेही विसरू नये. घरातली बाकीची माणसं झोपेत असताना बाईने केलेल्या कामाची तेवढी मोठी साक्ष दुसरीकडे मिळणार नाही. पुढे गिरणी आली आणि जातं उतरंडीशेजारी गेलं. गिरणीने वाचवलेले दीड-दोन तास बाईच्या नावावर जमा झाले का? अमेरिकेतल्या घरांबद्दल हाच प्रश्न रूथ श्वार्त्झ कोवन या इतिहासकार बाईंनी १९८३च्या आपल्या पुस्तकात विचारला होता. यंत्रांनी नवऱ्याची आणि मुलांची घरातली कामं संपवली, आईची मात्र वाढवली, असं त्यांचं म्हणणं होतं. आपल्याकडे मिक्सर, गॅस आणि नळ आले त्या काळातच थोरलीचा अभ्यास, धाकट्याची लसीकरणाची तारीख, बचतगटाची बैठक आणि बँकेतलं केवायसी हेही बाईच्याच अंगावर आलं. मला तरी कोवनबाईंचं म्हणणं इथे परकं वाटत नाही.

अर्थशास्त्रात हा विषय शिरायला १९७०चं दशक उजाडावं लागलं. देवकी जैन आणि मालिनी चंद यांनी राजस्थान आणि पश्चिम बंगालमधल्या गावांत घरातली माणसं वेळ कशी घालवतात ते तपासलं. सरकारी मोजणीत ‘घरकाम’ म्हणून सोडून दिलेल्या वेळात किती गुरं-ढोरं, सरपण आणि शेत दडलेलं आहे, ते त्यातून दिसलं. त्याच सुमाराला, १९७७ साली, क्लेअर विकरी या अमेरिकी अर्थतज्ज्ञ बाईंनी गरिबीच्या व्याख्येलाच हात घातला. घर नीट चालायला पैसा लागतो तसा वेळही लागतो, आणि एकट्या बाईच्या घरात पैसा पुरेसा आला तरी वेळ पुरा पडत नाही, असा त्यांचा मुद्दा. वेळेची गरिबी हा शब्दप्रयोग तिथून पुढे रुळला. आपल्या सरकारने पहिली प्रायोगिक पाहणी १९९८-९९ मध्ये केली ती हरियाणा, मध्य प्रदेश, गुजरात, ओडिशा, तामिळनाडू आणि मेघालय या सहा राज्यांत. महाराष्ट्र त्यात नव्हता. स्त्रियांच्या चळवळीत पुढे असलेल्या राज्याच्या बायांचा वेळ देशाच्या मोजणीत यायला आणखी वीस वर्षं गेली.

तासांच्या पलीकडे जाऊन बाईला स्वतःला काय वाटतं, हे विचारण्याची रीत परदेशात आहे. कॅनडाच्या सरकारी पाहणीत १९९०च्या दशकापासून वेळेच्या ओढाताणीबद्दल दहा प्रश्न विचारत आले. सात किंवा अधिक प्रश्नांना हो म्हणणारा माणूस तीव्र ओढाताणीत आहे असं धरतात. वेळ कमी पडला की झोपेतून काढता का, घरच्यांना पुरेसा वेळ देता येत नाही याची रुखरुख लागते का, रोजच्या रहाटगाडग्यात अडकल्यासारखं वाटतं का, असे त्यांतले प्रश्न आपल्याकडेही चालतील. पण त्याच यादीत येत्या वर्षात जरा दमाने घ्यायचा बेत आहे का, असाही प्रश्न आहे. आणि तुम्ही स्वतःला कामाचं व्यसन लागलेलं माणूस समजता का, असाही. खोडदच्या वाडीवर जाऊन तोडणीला जाणाऱ्या बाईला हे विचारणाऱ्या मुलीचं हसं होईल, आणि व्हावंच. काम कमी करायचा बेत आखायला आधी ते आपल्या मर्जीने वाढवलेलं असावं लागतं.

म्हणून इथे उलट बाजूने जायचं ठरवलं आहे. ‘तुम्हाला ताण येतो का’ हा प्रश्न या वहीत नाही. त्याला उत्तर ठरलेलं असतं: ‘कुणाला नसतं टेन्शन, ताई?’ त्याऐवजी कालच्या दिवसाबद्दल तीन आणि गेल्या महिन्याबद्दल एक, अशा चार साध्या गोष्टी विचारायच्या. पहिला घास किती वाजता पोटात गेला, आणि तो बसून खाल्ला की उभ्याने. लघवीला जायचं होतं आणि जाता आलं नाही असं किती वेळा झालं. आंघोळ कधी झाली. स्वतःचं कुठलं दुखणं गेल्या महिन्यात ‘बघू पुढच्या आठवड्यात’ म्हणून मागे टाकलं. या प्रश्नांना लाजेची अडचण आहे, हे मान्य. पण बाईने बाईला विचारलं तर उत्तर मिळतं, आणि ते टेन्शनच्या उत्तरापेक्षा खरं असतं.

आता खोडदकडे येऊ, कारण वेळेचा ताण हवेत तरंगत नसतो. तो कोणाच्या ना कोणाच्या घड्याळाला बांधलेला असतो. इथल्या बाईच्या दिवसावर किती घड्याळं चालतात ते पाहा. टोमॅटोचा हंगाम असला की नारायणगावच्या बाजाराचं घड्याळ. माल तोडून, निवडून, कॅरेट भरून गाडी वेळेत सुटली पाहिजे. भाव आज आहे, उद्याचं सांगता येत नाही. मजुरीला जायचं तर पिकअप गाडीचं घड्याळ. गाडी फाट्यावर थांबते ती चार बायका जमेपर्यंत, पाचवीच्या पोराने दूध ओकलं म्हणून ती थांबत नाही. दूध डेअरीचं घड्याळ दिवसातून दोनदा. शाळेचं वेगळं, अंगणवाडीचं वेगळं. आणि महावितरणचं सर्वांत तऱ्हेवाईक, कारण शेतीपंपाची थ्री-फेज वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात नवरा दारे धरायला शेतात जातो, तेव्हा घरात बाई झोपलेली असेल असं समजू नका.

ती जागी राहते ते बिबट्यामुळे. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके जुन्नर वनविभागात येतात. उसाच्या फडात जन्मलेले आणि वाढलेले बिबटे ही इथली आता जुनी गोष्ट झाली. माणिकडोहला त्यांचं निवारा केंद्रही आहे. माणसांवर हल्ले होतात तेव्हा लहान मुलं सर्वांत आधी सापडतात. दिवसा वीज द्या ही इथल्या शेतकऱ्यांची मागणी त्यातूनच आहे. बातम्यांत हल्ल्याचा आकडा येतो. जे येत नाही ते असं, की घराला लागून ऊस आहे म्हणून तिन्हीसांजेनंतर मुलाला अंगणात सोडता येत नाही, परसाकडे नेताना बॅटरी आणि काठी घेऊन बरोबर जावं लागतं, शाळेतून येणाऱ्याला वाटेवर घ्यायला जावं लागतं. एरवी अशा वेळी मूल अंगणात खेळत असतं आणि आई स्वयंपाक उरकत असते. इथे मूल तिच्या पायांत घोटाळतं, कारण दार लावून घेतलेलं असतं. वेळ-वापराच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत मुलांवर नुसतं लक्ष ठेवण्याला वेगळा संकेतांक आहे. पण विचारल्याशिवाय बाई ते काम म्हणून सांगत नाही, आणि सहसा कोणी विचारत नाही. या वहीत दर अर्ध्या तासाला एक खूण करायची आहे: या वेळात मूल तुमच्या जबाबदारीवर होतं का, मग तुम्ही दुसरं काहीही करत असा. एवढ्या एका खुणेने संगोपनाचे दोन तास बारा-चौदा तासांवर जातील असा माझा अंदाज आहे. चुकला तर वहीच सांगेल.

तालुके तेच, पण घड्याळं सगळीकडे हीच नाहीत. पश्चिमेला आदिवासी पट्ट्यात, डिंभे आणि माणिकडोह धरणांच्या वरच्या अंगाला, भातलावणीचे आणि हिरडा गोळा करण्याचे दिवस वर्षाचा ताण ठरवतात. लावणीच्या चार आठवड्यांत तिथल्या बाईला विचारलं आणि खोडदच्या बाईला उन्हाळ्यात विचारलं, तर तुलना फसलीच म्हणून समजा. म्हणून प्रत्येक घरात दोन हंगामांत दोनदा जायचं आहे.

ऊसतोडणीच्या बायांसाठी वेगळं पान जोडलं आहे. जुन्नरचा विघ्नहर आणि आंबेगावचा भीमाशंकर या कारखान्यांचे पट्टे चालू झाले की टोळ्या येतात. तिथे मोजमापाचं एककच ‘कोयता’ आहे, म्हणजे नवरा-बायको मिळून एक. उचल जोडीला, हिशेब जोडीचा. बाईने मोळ्या बांधल्या, डोक्यावर वाहिल्या, कोपीवर येऊन भाकऱ्या थापल्या, तरी तिच्या वेळेला स्वतंत्र आकडा कुठेच पडत नाही. एक दिवस ती कामाला गेली नाही तर मात्र खाडा पडतो. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली, तेव्हा या खाड्याची चर्चा झाली होती. तिथे दिवस मोडण्याची भीती शरीरापर्यंत पोचली होती. अशा बाईचं पोर फडाच्या बांधावर झोळीत असतं, आणि फडात बिबट्या असतो.

यावर कायदे नाहीत असं नाही. तीसपेक्षा जास्त बायका कामाला असतील त्या कारखान्यात पाळणाघर हवं, असं कारखाने अधिनियम सांगत असे. पण खोडदला रेडिओ-महादुर्बीण आहे. तिच्या भोवती रेडिओ-लहरींची शांतता लागते म्हणून या टापूत मोठ्या कारखानदारीवर बंधनं आहेत. त्यामुळे इथल्या बाईचं काम मुख्यतः शेतात, आणि शेताला तो कायदा लागू नव्हताच. कामाच्या जागी पाच किंवा अधिक लहान मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला मजुरीवर नेमायचं, अशी तरतूद २००५च्या रोजगार हमी कायद्याने केली होती. टोमॅटोच्या तोड्याला ती कोण लावणार? अंगणवाडी २ ऑक्टोबर १९७५ला सुरू झालेल्या योजनेची देणगी आहे आणि तिने या भागात खूप केलं. पण ती तीन ते सहा वर्षांच्या मुलांना काही तास सांभाळते. तीन वर्षांखालच्यांना घरी न्यायचा आहार देते. म्हणजे मूल सर्वांत चिकटलेलं असतं त्या अडीच-तीन वर्षांत गावात आईच्या हाताशी आहे ती फक्त आजी.

म्हणून आजीचाही दिवस लिहायचा आहे. हे मी आग्रहाने सांगतो, कारण सून आणि सासू यांना एकमेकींविरुद्ध उभं करून अशा पाहण्या फार लवकर उथळ होतात. मुलाखतीला सासू शेजारी बसलेली असेल तर सून अर्ध्या गोष्टी गिळते, हे खरं. ‘आमच्या वेळी पाच-पाच होती, आम्ही नाही कधी वह्या भरल्या,’ हे वाक्यही ऐकायची तयारी ठेवा. पण त्या आजीचे गुडघे गेलेले असतात आणि दिवसभर दोन वर्षांच्या पोरामागे तीच धावत असते. दोघींनी जायचं, एकीने सुनेशी बोलायचं आणि दुसरीने ओसरीवर आजीची वही भरायची. आजीला मनापासून विचारलं की ती दुसऱ्याच्या मुलाखतीत लक्ष घालत नाही.

नवऱ्याची वहीही त्याच दिवसाची हवी. सरकारी पाहणीत घरी नसलेल्या माणसाचा दिवस घरातलं दुसरं माणूस सांगू शकतं. मग पुष्कळदा नवऱ्याचा दिवस बायको सांगते आणि तो भरगच्च निघतो, कारण तो नजरेआड असतो तेवढा वेळ तो कामावर होता असं ती धरून चालते. तसं इथे करू नका. त्याला संध्याकाळी गाठा.

महादुर्बिणीचा उल्लेख आलाच आहे, तर तिच्याकडून एक पद्धत उसनी घेतली आहे तीही सांगतो. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. चौदा खोडदला जवळजवळ आणि सोळा इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर, पंचवीस किलोमीटरपर्यंत पांगलेल्या. एकटी तबकडी आकाशाचं चित्र देत नाही. दोन-दोन तबकड्यांच्या नोंदी एकमेकींशी ताडतात, अशा ४३५ जोड्या होतात, आणि त्यांतून चित्र उभं राहतं. पल्सार ताऱ्यांच्या बाबतीत तर याहून पुढे जातात. स्पंद अमुक क्षणी यायला हवा होता आणि प्रत्यक्षात अमुक क्षणी आला, या फरकाची वर्षानुवर्षं नोंद ठेवतात. जून २०२३ मध्ये विश्वात पसरलेल्या गुरुत्वीय लहरींच्या गुंजारवाचा पुरावा जगभरातल्या गटांनी जाहीर केला, तेव्हा त्यांत खोडदच्या नोंदी होत्या. आमच्या वहीत रोज सकाळी एक ओळ लिहायची आहे: आज काय काय उरकायचं ठरवलं आहे. रात्री तिच्यासमोर काय झालं ते लिहायचं. किती तास काम केलं यापेक्षा या दोन ओळींमधलं अंतर बाईच्या ताणाबद्दल जास्त सांगेल, असं मला वाटतं. एक दिवस हुकला तर तो योगायोग. पंधरा दिवस रोज तेच काम हुकत असेल, तर त्या जागी कोणाचं घड्याळ आडवं येतं आहे ते दाखवता येईल. ते अंगणवाडीचं असेल तर ग्रामसभेत बोलता येईल, विजेचं असेल तर महावितरणकडे जाता येईल, आणि नवऱ्याचं असेल तर घरातल्या घरात.

हे सगळं मोजून काय होणार, असं कुणी विचारेल. पाळणाघर हवं असं नुसतं म्हणणारी बाई अर्जदार असते. तोड्याच्या दिवसांत या वाडीतली अठरा मुलं सकाळी आठ ते दुपारी दोन कुणाच्याच हाती नसतात, असं वहीवरून म्हणणारी बाई उत्तर मागू शकते. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची केंद्राची योजना २०२२ पासून आहे. ती इथे मागायची तर कुठल्या महिन्यात, किती वाजल्यापासून, कुठल्या वाडीवर, हे आपल्याला सांगता आलं पाहिजे.

आता वही भरणाऱ्यांना शेवटचं. तोड्याच्या दिवशी सकाळी कुणाच्या दारात जाऊ नका. दुपारी भांडी झाल्यावर जा, आणि जाण्याआधी विचारून घ्या. वहीवर नाव लिहायचं नाही, फक्त क्रमांक. मुलाखतीला पाऊण तास लागेल. तो पाऊण तास बाईच्याच दिवसातून जाणार आहे, तेव्हा तो त्या दिवसाच्या रकान्यात लिहा, आणि तिच्या हातचं कुठलं काम त्यामुळे मागे पडलं तेही. पोर उठलं, गाय हंबरली, कुणी हाक मारली म्हणून बाई मधेच उठून गेली, तर मुलाखत बिघडली असं समजू नका. ती किती वाजता उठली आणि किती वाजता परत बसली, हे दोन्ही लिहून ठेवा.